बोर्ड खरोखर झोपला आहे का?

नाशिक-सांगली भागातल्या द्राक्षबागांत खांबावर बसवलेल्या छोट्या पेट्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. पानांवरचा ओलावा, हवेतली आर्द्रता, तापमान, मातीतली ओल अशा नोंदी त्या घेतात, आणि केवडा किंवा भुरी कधी डोकं वर काढेल याचा अंदाज बांधायला त्या नोंदी उपयोगी पडतात. अशी पेटी स्वतः बनवावी असं वाटणारे डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, छोटे उद्योजक आणि हौशी मंडळी पुष्कळ आहेत. सेन्सरचं काम बहुतेकांना लवकर जमतं. घोडं अडतं ते बॅटरीपाशी. प्रोसेसर झोपेत १० मायक्रोअँपिअर घेतो असं डेटाशीटमध्ये छापलेलं असतं, प्रोग्रॅममध्ये डीप स्लीपची ओळही असते, आणि तरी पूर्ण भरलेला सेल तीन आठवड्यांत मान टाकतो.

डेटाशीट खोटं बोलत नाही. ते फक्त त्या एका चिपबद्दल बोलतं. झोपवायचा असतो तो पूर्ण बोर्ड, आणि तो झोपला आहे की नाही हे प्रोग्रॅम वाचून कळत नाही, करंट मोजूनच कळतं. म्हणून आधी कागद-पेन्सिल, मग सर्किट, मग कोड आणि शेवटी मोजमाप, या क्रमाने जाऊ.

कागदावर हिशेब मांडताना मिलिअँपिअर-सेकंद हे एकक सोयीचं पडतं. ३,६०० मिलिअँपिअर-सेकंद म्हणजे १ मिलिअँपिअर-तास. समजा, आपल्या पेटीत ईएसपी३२ हा प्रोसेसर आहे. तो दर १५ मिनिटांनी जागा होतो, नोंद घेतो, वाय-फायला जोडून ती पाठवतो आणि पुन्हा झोपतो. दिवसाच्या ९६ फेऱ्या झाल्या. एका फेरीला ५ सेकंद आणि सरासरी १०० मिलिअँपिअर धरले, तर फेरीचे ५०० मिलिअँपिअर-सेकंद आणि दिवसाचे ४८,००० होतात. भागाकार केला की १३.३ मिलिअँपिअर-तास. झोपेच्या १० मायक्रोअँपिअरचे दिवसभरात होतात जेमतेम ०.२४. म्हणजे २,५०० मिलिअँपिअर-तासांचा १८६५० सेल कागदावर तरी सहा महिने चालायला हवा.

आता हाच प्रोग्रॅम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या साध्या डेव्हलपमेंट बोर्डावर चालवा. अशा बोर्डावर रेग्युलेटर, यूएसबी-सिरीयल चिप आणि पॉवरचा एलईडी मिळून झोपेतही काही मिलिअँपिअर सहज घेतात. ५ धरा. दिवसाचे १२० मिलिअँपिअर-तास नुसते झोपेत गेले. एकूण १३३ झाले आणि सेल एकोणीस दिवसांत संपला. ते तीन आठवडे हे असे येतात. इथे प्रोग्रॅम कितीही घासूनपुसून लिहिला तरी फरक पडणार नाही, कारण दहातले नऊ वाटे वीज त्या प्रोग्रॅमच्या आवाक्याबाहेर जाते आहे.

हिशेब पुढे नेऊ. बोर्ड नीट केला, झोप पुन्हा १० मायक्रोअँपिअरवर आली. आता खर्च आहे तो वाय-फायचा. प्रत्येक नोंद तत्क्षणी पाठवायलाच हवी का? ईएसपी३२ मध्ये डीप स्लीपमध्येही टिकून राहणारी ८ किलोबाइट आरटीसी मेमरी असते. नोंदी तिथे साठवा आणि दिवसातून चार वेळा एकदम पाठवा. नुसत्या नोंदीची फेरी ०.२ सेकंद आणि ४० मिलिअँपिअरची धरली तर ९६ फेऱ्यांचे दिवसाला ०.२१ मिलिअँपिअर-तास, चार वेळा पाठवण्याचे ०.५६, झोपेचे ०.२४. एकूण साधारण १. तेराचं एक झालं, आणि तेही एकही नवा पार्ट न घालता. सहा तास हा उशीर फार वाटत असेल तर नियम बदला: पान ठरावीक वेळेपेक्षा जास्त ओलं राहिलं तर लगेच पाठवायचं, एरवी थांबायचं. वीज वाचवण्याचे सर्वांत मोठे निर्णय हे असे असतात, आणि ते सर्किट काढण्याआधी, शेतकऱ्याला माहिती कधी हवी आहे हे विचारून घ्यायचे असतात.

खर्च १ वर आला की आधी नगण्य वाटलेल्या गोष्टी अंगावर येतात. बॅटरीचं व्होल्टेज वाचायला लावलेले १०० किलोओमचे दोन रेझिस्टर घ्या. ४.२ व्होल्टला त्यांतून २१ मायक्रोअँपिअर कायम वाहतात, म्हणजे दिवसाला ०.५ मिलिअँपिअर-तास. एकूण खर्चाच्या निम्मा, फक्त बॅटरी किती उरली हे पाहण्यासाठी. सेलही स्वतःहून ओसरत असतो. लिथियम-आयन सेल महिन्याला दोन टक्के ओसरतो असं धरलं तरी ५० मिलिअँपिअर-तास गेले, दिवसाला दीडपेक्षा जास्त. यंत्रापेक्षा सेलच स्वतःला अधिक खातो आहे. अशा वेळी सौर पॅनेलची छोटी पट्टी तरी लावावी, नाहीतर वर्षाला एक टक्क्याच्या आसपासच ओसरणारा लिथियम-थायोनिल क्लोराइड सेल घ्यावा. मात्र या सेलच्या नेहमीच्या प्रकाराला वाय-फायचे अडीचशे मिलिअँपिअरचे झटके सोसत नाहीत. बराच काळ स्वस्थ पडला की त्याच्या आत एक थर धरतो आणि पहिल्या झटक्याला व्होल्टेज एकदम खाली बसतं. सोबत मोठा कपॅसिटर हवा, किंवा वाय-फायऐवजी लोरासारखा कमी करंटचा रेडिओ.

थोडक्यात, पहिली गळती बुजली की दुसरी मोठी दिसू लागते. कुठली बुजवायची हे त्या त्या टप्प्यावरचा हिशेब सांगतो. म्हणून तो एकदा करून ठेवून देऊ नका, प्रत्येक बदलानंतर पुन्हा मांडा.

आता सर्किट. सुरुवात रेग्युलेटरपासून. स्वस्त बोर्डांवर हटकून दिसणारा एएमएस१११७ काही काम नसतानाही स्वतःसाठी साधारण ५ मिलिअँपिअर घेतो. शिवाय त्याला आउटपुटपेक्षा सुमारे एक व्होल्ट जास्त इनपुट लागतं, त्यामुळे ३.७ व्होल्टच्या सेलवरून ३.३ व्होल्ट काढण्याचं ते कामच नव्हे. एमसीपी१७०० सारखा रेग्युलेटर २ मायक्रोअँपिअरच्या आत भागवतो, पण तो देतो २५० मिलिअँपिअरपर्यंतच. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर आणि लोराला तो पुरेल. ईएसपी३२ मात्र वाय-फाय पाठवताना २४० मिलिअँपिअरपर्यंत जातो, म्हणून तिथे ५०० मिलिअँपिअर देणारा आणि तरीही स्वतः काही मायक्रोअँपिअरच घेणारा रेग्युलेटर शोधावा. पॉवरचा एलईडी काढून टाका. त्याला पर्याय नाही.

सेन्सर झोपेत चालू ठेवायचे नसतील तर त्यांचा पुरवठाच तोडावा. इथे बहुतेक जण एक एन-चॅनेल मॉस्फेट लावून ग्राउंड तोडतात, कारण ते सोपं असतं. तसं करू नका. ग्राउंड तुटला तरी डेटाच्या तारांमधून करंट वाट काढतो आणि सेन्सर अर्धमेल्या अवस्थेत राहतो. पी-चॅनेल मॉस्फेटने वरची, म्हणजे पॉझिटिव्ह बाजू तोडा. त्याच्या गेटला १०० किलोओमचा पुल-अप लावा, कारण डीप स्लीपमध्ये ईएसपी३२ च्या पिना, मुद्दाम धरून ठेवल्या नाहीत तर, मोकळ्या सुटतात. गेट अधांतरी राहिलं की मॉस्फेट अर्धवट उघडतो. आय-स्क्वेअर-सी बसचे पुल-अपही या तोडलेल्या पुरवठ्यावरच असावेत. ते कायम ३.३ व्होल्टला जोडलेले असतील आणि दुसऱ्या टोकाला बंद पडलेला सेन्सर तार खाली ओढत असेल, तर ४.७ किलोओममधून ०.७ मिलिअँपिअर वाहतात. झोपेच्या ठरवलेल्या खर्चाच्या सत्तर पट.

पुरवठा तोडण्याआधी त्या सेन्सरकडे जाणाऱ्या सगळ्या पिना प्रोसेसरने शून्यावर तरी न्याव्यात किंवा पुल-अपशिवायच्या इनपुटवर ठेवाव्यात. यूएआरटीची पाठवण्याची तार निष्क्रिय असताना वरच्या पातळीवर असते. पुढचं मॉड्यूल बंद केलं आणि ही तार तशीच राहिली, तर मॉड्यूलच्या आतल्या संरक्षक डायोडमधून त्याला उलट्या वाटेने वीज मिळत राहते. जीपीएस किंवा जीएसएम मॉड्यूल बंद केलं आणि तरी त्याच्या पॉवरच्या पिनवर दीड-दोन व्होल्ट दिसतात, तेव्हा आधी ही तार तपासा.

न वापरलेल्या पिना हा आणखी एक दुर्लक्षित भाग. इनपुट म्हणून ठेवलेली मोकळी पिन शून्य आणि एक यांच्या मधल्या व्होल्टेजवर तरंगते. आतल्या सीमॉस जोडीतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धे उघडे राहतात आणि पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत करंटची सरळ वाट तयार होते. एसटीएम३२ मध्ये अशा पिना अॅनालॉग मोडमध्ये टाकाव्यात, एटीमेगासारख्या एव्हीआरमध्ये आतला पुल-अप चालू करून ठेवावा. बाहेरची एसपीआय फ्लॅश चिप असेल तर तिला झोपेचा वेगळा आदेश द्यावा लागतो. बहुतेक चिपमध्ये तो हेक्स बी९ असतो आणि जागं करण्याचा एबी. नुसतं चिप-सिलेक्ट वर नेल्याने ती पूर्ण झोपत नाही.

एवढं झाल्यावर प्रोसेसर. प्रत्येक कंपनी झोपेच्या पायऱ्यांना वेगळी नावं देते आणि नवशिक्याचा त्या नावांतच गोंधळ उडतो. नावं बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. झोपेत काय लक्षात राहायला हवं? कोण उठवणार? उठल्यावर किती लवकर कामाला लागायला हवं?

एसटीएम३२एल४७६ चं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळ्या पायऱ्या आहेत. स्लीपमध्ये फक्त कोअर थांबतो, घड्याळं आणि पेरिफेरल चालूच राहतात. कुठल्याही इंटरप्टने तत्काळ जाग येते, पण बचत बेताची. स्टॉप २ मध्ये मुख्य घड्याळं बंद होतात, रॅम आणि रजिस्टर टिकतात, आणि आरटीसी, म्हणजे वेळ राखणारं छोटं घड्याळ, चालू ठेवूनही डेटाशीटप्रमाणे सुमारे १.४ मायक्रोअँपिअर लागतात. जाग येते काही मायक्रोसेकंदांत, आणि प्रोग्रॅम जिथे थांबला तिथून पुढे चालतो. स्टँडबायमध्ये रॅमही जाते (थोडा भाग हवा तर राखता येतो), आरटीसीसह ४२० नॅनोअँपिअर. शटडाउनमध्ये अवघे ३० नॅनोअँपिअर. पण या शेवटच्या दोन अवस्थांतून उठणं म्हणजे रिसेटच. प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो.

आपली पेटी ईएसपी३२ ऐवजी या चिपवर बांधली तर मी स्टॉप २ निवडेन. स्टँडबायमध्ये जाऊन वाचणारा १ मायक्रोअँपिअर वर्षाला ९ मिलिअँपिअर-तासांचासुद्धा नाही. उलट रिसेटनंतर सगळं नव्याने मांडण्यात दर फेरीला काही मिलिसेकंद जादा जातात आणि सेन्सरची जुनी स्थिती हरवते. सर्वांत खोल झोप ही सर्वांत स्वस्त असतेच असं नाही. जाग जितकी वारंवार, तितकी उथळ झोप परवडते. दिवसातून एकदाच उठणाऱ्या यंत्राला मात्र स्टँडबाय किंवा शटडाउन शोभतं. ईएसपी३२ ला हा पर्याय थोडा कठीण जातो. त्याच्या लाइट स्लीपमध्ये रॅम टिकते, पण सुमारे ०.८ मिलिअँपिअर लागतात. डीप स्लीपमध्ये १० मायक्रोअँपिअर, पण आरटीसी मेमरी सोडून सगळं पुसलं जातं. मधली पायरी नाही. अर्डुइनोवाल्यांच्या ओळखीचा एटीमेगा३२८पी पॉवर-डाउनमध्ये १.८ व्होल्टला ०.१ मायक्रोअँपिअरपर्यंत उतरतो. मात्र झोपण्याआधी एडीसी बंद करायला हवा, कारण चालू ठेवला तर तो झोपेतही वीज घेत राहतो. ब्राउन-आउट डिटेक्टरही झोपेपुरता बंद करता येतो, आणि करावा.

कोण उठवणार, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवा, कारण उठवणाऱ्याला स्वतः जागं राहावं लागतं. चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरला ४ सप्टेंबर २०२३ रोजी इस्रोने झोपवलं तेव्हा त्यावरची वैज्ञानिक उपकरणं बंद केली, रिसीव्हर मात्र चालू ठेवले. चंद्राच्या रात्रीनंतर त्याच्याशी संपर्क जुळला नाही, पण झोपवण्याची ती आखणी प्रत्येक यंत्राला लागू आहे. बाहेरून हाक ऐकायची असेल तर ऐकणारा भाग चालू ठेवण्याची किंमत द्यावी लागते. आपल्या पेटीला हाक ऐकायची गरज नाही, तिला वेळ कळली की पुरे. त्यासाठी ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल वापरतात. हा आकडा दोनचा पंधरावा घात आहे, म्हणून पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो, आणि इतक्या कमी गतीच्या घड्याळाला वीजही नगण्य लागते. क्रिस्टलचे पैसे वाचवून आतल्या आरसी ऑसिलेटरवर भागवता येतं, पण तो तापमानाप्रमाणे सरकतो. उन्हाळ्यात दुपारी आणि पहाटे पंधरा मिनिटांची लांबी वेगळी येते. दहा पेट्यांनी ठरलेल्या वेळी एकामागून एक बोलायचं असेल तर क्रिस्टल हवाच.

आता कोडमधली ती जागा, जिच्यामुळे यंत्र महिनाभर नीट चालून एका पहाटे कायमचं झोपतं. नमुना ओळखीचा आहे. इंटरप्ट आला की एक फ्लॅग वर होतो. मुख्य लूप फ्लॅग पाहतो, काम नसेल तर डब्ल्यूएफआय ही सूचना चालवून झोपतो. फ्लॅग पाहणं आणि झोपणं यांच्यामध्ये काही नॅनोसेकंदांची फट असते. इंटरप्ट नेमका त्या फटीत आला, तर फ्लॅग वर होतो, इंटरप्टचं काम संपतं, आणि प्रोसेसर मात्र ‘काम नाही’ या जुन्या माहितीवर झोपी जातो. पुढचा इंटरप्ट यायचाच नसेल, कारण समोरचा रेडिओ या पहिल्याच्या उत्तराची वाट पाहतो आहे, तर दोघंही थांबून राहतात. ही चूक टेबलावर सापडत नाही, लाखात एकदा घडते.

एसटीएम३२ सारख्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरमध्ये यावर नेटका उपाय आहे. आधी प्रायमास्कने इंटरप्ट थोपवा, मग फ्लॅग तपासा, काम नसेल तर थोपवलेल्या स्थितीतच डब्ल्यूएफआय चालवा आणि जाग आल्यावर इंटरप्ट मोकळे करा. प्रायमास्कने थोपवलेला इंटरप्टही डब्ल्यूएफआयमधून जागं करतो, फक्त त्याचा हँडलर मास्क काढल्यावर चालतो. त्यामुळे फटीत आलेला इंटरप्ट वाया जात नाही, झोप लागण्याआधीच मोडते. एव्हीआरमध्ये इंटरप्ट चालू करण्याच्या सूचनेनंतरची एक सूचना कुठलाही इंटरप्ट येण्याआधी पूर्ण होते याची हमी आहे. म्हणून तिथे इंटरप्ट बंद ठेवून तपासायचं आणि ‘सेई’ व ‘स्लीप’ या दोन सूचना लागोपाठ लिहायच्या, मध्ये काहीही न घालता.

याच्या उलट तक्रारही येते: प्रोसेसर झोपतच नाही. बहुतेक वेळा कारण एकच, कुठला तरी इंटरप्ट प्रलंबित राहिलेला असतो आणि डब्ल्यूएफआय थांबण्याऐवजी तशीच पुढे सरकते. एसटीएम३२ मध्ये स्टँडबायला जाण्याआधी वेक-अपचा फ्लॅग पुसला नाही तर नेमकं हेच होतं. हॅल लायब्ररी वापरत असाल तर तिचा दर मिलिसेकंदाचा सिसटिक स्लीप मोडमधून सेकंदाला हजारदा उठवतो, तेव्हा झोपण्याआधी तो थांबवा. फ्रीआरटीओएसमध्येही तोच प्रकार. तिथे टिकलेस आयडल चालू करा, म्हणजे पुढचं काम केव्हा आहे ते पाहून तेवढा वेळ टिक बंद राहतो. त्याआधी टास्कांमधले पोलिंगचे लूप काढा. दर दहा मिलिसेकंदांनी बटण पाहणारा एक टास्क उरला तरी टिकलेसचा फायदा संपतो.

स्टॉपमधून उठल्यावर एसटीएम३२ पीएलएलवर नसतो, आतल्या साध्या ऑसिलेटरवर असतो. घड्याळाची मांडणी पुन्हा केली नाही तर सिरीयल मॉनिटरवर चित्रविचित्र अक्षरं येतात. पहिल्या झोपेनंतर अक्षरं बिघडली तर केबल बदलत बसू नका. वॉचडॉगचाही विचार आधीच करा. एसटीएम३२एफ१०३ चा स्वतंत्र वॉचडॉग एकदा सुरू झाला की स्टॉपमध्येही चालत राहतो आणि जास्तीत जास्त सुमारे २६ सेकंदांत रिसेट देतो. पंधरा मिनिटांची झोप त्याच्यासोबत शक्य नाही. दर वीस-पंचवीस सेकंदांनी उठून त्याला गप्प करावं लागतं. एल४ मालिकेत ऑप्शन बाइटमधून तो झोपेपुरता गोठवता येतो.

आणि विकासाच्या काळात प्रोग्रॅमच्या सुरुवातीला दोन-तीन सेकंदांचा मोकळा वेळ ठेवा. सुरू होताच गाढ झोपणारी चिप डीबगरला सापडत नाही, आणि मग रिसेट धरून जोडणी करण्याची कसरत करावी लागते.

जागेपणीचा वेळ कसा वापरायचा, यावर दोन मतं ऐकू येतात: हळू चालवा की वीज कमी लागते, किंवा जोरात चालवा आणि लवकर झोपा. मूळ सूत्र पाहिलं की वाद मिटतो. सीमॉसमध्ये स्विचिंगला लागणारी शक्ती कपॅसिटन्स, व्होल्टेजचा वर्ग आणि फ्रिक्वेन्सी यांच्या गुणाकाराइतकी असते. फ्रिक्वेन्सी निम्मी केली तर शक्ती निम्मी होते, पण कामाला दुप्पट वेळ लागतो. त्या कामाची ऊर्जा तेवढीच राहिली, वर गळतीचा करंट दुप्पट वेळ वाहिला. खरा फायदा व्होल्टेज खाली आणता आलं तरच. मोबाइलमधले प्रोसेसर फ्रिक्वेन्सीसोबत व्होल्टेजही बदलतात, म्हणून त्यांना हळू चालणं परवडतं. आपल्या पेटीतल्या मायक्रोकंट्रोलरने गणित असेल तेव्हा जोरात चालावं आणि झोपावं.

पण जिथे प्रोसेसर नुसता वाट पाहतो तिथे वेग निरुपयोगी. तापमानाचा डीएस१८बी२० सेन्सर १२ बिटांची एक नोंद तयार करायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत घेतो. तेवढा वेळ ईएसपी३२ डिले लावून ४० मिलिअँपिअरवर बसला, तर ९६ फेऱ्यांत दिवसाचे ०.८ मिलिअँपिअर-तास गेले, म्हणजे आपण कष्टाने एकावर आणलेला खर्च जवळपास दुप्पट. त्या पाऊण सेकंदापुरती लाइट स्लीप घ्या. कोडमधला प्रत्येक डिले शोधून काढा आणि त्याच्या जागी झोप बसते का पाहा. एका दुपारचं काम आहे आणि त्याचं फळ हमखास मिळतं.

लिनक्सवर चालणारे बोर्ड हा वेगळा विषय, पण थोडं सांगतो. तिथे सस्पेंड-टू-आयडल, सस्पेंड-टू-रॅम आणि हायबरनेशन अशा पायऱ्या असतात, आणि कुठली चालेल हे बोर्ड आणि त्याचे ड्रायव्हर ठरवतात. रास्पबेरी पाय ४ ला सस्पेंड-टू-रॅमची सोयच नाही. पाय ५ वर आरटीसी आहे, त्यामुळे योग्य मांडणी करून तो पूर्ण बंद करता येतो आणि अलार्मने उठवता येतो. बागेतल्या पेटीत पाय घालण्याचा मोह टाळावा. कॅमेऱ्यासाठी तो लागतच असेल तर एक छोटा मायक्रोकंट्रोलर कायम ठेवा आणि गरजेपुरता त्याच्याकडून पायचा पुरवठा चालू करून घ्या. सस्पेंड जमत असलेल्या बोर्डावर तो अडकत असेल, तर कर्नेलमधली पीएम-टेस्टची सोय वापरा. ती सस्पेंड टप्प्याटप्प्याने करून परत येते, म्हणजे कुठला ड्रायव्हर अडवतो ते सापडतं.

राहिलं मोजमाप. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर लावून बोर्ड चालू केला की बहुधा तो सुरूच होत नाही. त्या रेंजमध्ये मीटर आत शंभर ओमच्या आसपासचा रेझिस्टर घालतो आणि जागेपणीचा करंट त्यातून निघू शकत नाही. मीटरच्या दोन टोकांना जोडणारी एक तार किंवा स्विच ठेवा. बोर्ड सुरू होऊन झोपेपर्यंत ती जोडलेली, झोपल्यावर उघडी. पुढची जाग येण्याआधी वाचन घ्या. जागेपणीचा आकार पाहायला पुरवठ्यात १ ओमचा रेझिस्टर आणि त्यावर ऑसिलोस्कोप पुरतो. २४० मिलिअँपिअरला ०.२४ व्होल्ट दिसतात. हे दोन्ही आकडे एकाच साधनाने मिळवायचे असतील तर नॉर्डिकचा पॉवर प्रोफायलर किट २ हा परवडणारा पर्याय आहे. तो मायक्रोअँपिअरच्या खालपासून १ अँपिअरपर्यंत जातो.

साध्या मल्टिमीटरपलीकडे काहीच उपकरण नसेल तर कपॅसिटर आहे. बॅटरीच्या टोकांवर १,००० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर लावा, बोर्ड झोपू द्या, मग बॅटरी काढा आणि व्होल्टेज ०.१ व्होल्टने उतरायला किती वेळ लागतो ते पाहा. १० मायक्रोअँपिअरला १० सेकंद लागतील. एका सेकंदात उतरलं तर करंट १०० मायक्रोअँपिअर आहे. कपॅसिटरची स्वतःची गळती बोर्ड न जोडता आधी पाहून घ्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग सक्तीचा असावा असं मला मनापासून वाटतं.

मोजताना डीबगरची केबल काढलेली हवी, आणि नुसती काढून भागत नाही. डीबग सत्राने चालू ठेवलेली घड्याळं पुरवठा पूर्ण तोडून पुन्हा जोडेपर्यंत तशीच राहू शकतात. यूएसबी-सिरीयलची तारही काढा, तीही उलट्या वाटेने वीज देते. आकडा अपेक्षेपेक्षा मोठा आला तर एकेक भाग सोडवत जा. सेन्सर काढा, फ्लॅश काढा, पुल-अप उचला, आणि प्रत्येक पायरीला करंट लिहून ठेवा.

टेबलावर २५ अंशांना मिळालेला आकडा विदर्भातल्या मे महिन्यात टिकत नाही. उन्हातल्या बंद पेटीचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरंच वर जातं आणि सिलिकॉनची गळती तापमानासोबत झपाट्याने, ढोबळमानाने दर दहा अंशांना दुपटीच्या आसपास, वाढते. डेटाशीटमध्ये ५५ आणि ८५ अंशांचे रकाने असतात, हिशेबात तेच धरा. पेटी पांढरी ठेवा, वर सावलीचा पत्रा बसवा.

पेटी शेतात लावल्यावर प्रत्येक निरोपासोबत तीन जादा आकडे पाठवा: जाग कशामुळे आली, आधीच्या फेरीत किती मिलिसेकंद जागं होतो, आणि रेडिओ चालू असतानाचं बॅटरीचं व्होल्टेज. वाय-फायचा राउटर बंद पडला की पेटी जोडणीसाठी धडपडत राहते आणि एका रात्रीत महिन्याची वीज संपवते. जागेपणाचा आकडा ते दुसऱ्या दिवशी दाखवतो. म्हणून जोडणीच्या प्रयत्नाला दहा सेकंदांची मर्यादा घाला आणि प्रत्येक अपयशानंतर पुढचा प्रयत्न दुप्पट लांबवा. एक तास, मग दोन, मग चार. नोंदी तोवर आरटीसी मेमरीत थांबू शकतात. आठ किलोबाइटमध्ये सोळा बाइटच्या पाचशे नोंदी बसतात, आणि दर पंधरा मिनिटांना एक या हिशेबाने ती पाच दिवसांची सोय आहे.